काळवीट अन् आईची हिरवी साडी
थांबा, हे आत्ताच सांगते! पेटीत आईची कापलेली हिरवी साडी दिसली अन् बदनापूरचं शेत आठवलं. रानडुकरं येऊ नयेत म्हणून आम्ही हरभऱ्याभोवती जुन्या साड्या बांधल्या होत्या. एका सकाळी दवानं भिजलेल्या त्याच हिरव्या साडीत काळविटाची शिंगं गुंतली, ते धडपडून राह्यलं होतं अन् बांधावरून कुत्री भुंकत आली. मी त्याचे पाय धरायला धावले तर आई ओरडली, "अगं येडे, लाथ खाशील! आधी डोळे झाक त्याचे!" तिनं पदर त्याच्या तोंडावर टाकला, ते बिलकुल गप झालं. मी कुत्र्यांना ढेकळं मारली, तिनं जल्दी विळ्यानं साडी कापली अन् एका उडीत ते पार! मंग आई म्हणली, "चल, बाकीच्या साड्या सोड." "अन् डुकरं?" "बघू." तुमच्या शेतात असं कधी झालंय का?