गाईची चौकशी नाही

माझ्या आत्याच्या वहीत उतरलं नाही असं दुखणं नगर जिल्ह्यात अजून कुणाला झालेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. एकाहत्तर-बाहत्तर साली ती नगरच्या एका दवाखान्यात कॅन्सरच्या वॉर्डात सिस्टर होती. केडगावहून सायकलवर यायची, कॅरिअरला जेवणाचा डबा आणि जाड लाल वही. डबा एखादे वेळी घरी राहायचा, वही कधीच नाही. दवाखान्याच्या कागदावर ताप, नाडी, औषध एवढंच मावायचं. उरलेला माणूस तिच्या वहीत जायचा. घरीही ही खोड सुटत नसे. एका दिवाळीत तिने माझ्यादेखत लिहिलं, 'भाचा : चकल्या सात. संध्याकाळी पोट दुखेल.' दुखलंच.

घोडेगावची एक बाई मुंबईहून किरणांचा शेक घेऊन तिच्या वॉर्डात आली. डॉक्टरांनी काहीही विचारलं तरी म्हणायची, "लई बरं हाय, सायेब. आता घरी सोडा." आमच्याकडच्या बायका डॉक्टरांना दुसरं उत्तर देतच नाहीत, म्हणून आत्या त्यांच्याशी दुखण्याचं सोडून गुराढोरांचं बोलायची. ही बाई तर रोज सकाळी आपणहून विचारी, "सिस्टरबाई, माझ्या गाईचा काई सांगावा आला का वो?" आत्या तेही लिहून ठेवायची. ते वाचून डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हा वॉर्ड आहे की घोडेगावचा गुरांचा बाजार?"

बाईला सोडायच्या दिवशी ताप नव्हता, नाडी ठीक होती, कागदावर सहीसुद्धा झाली होती. आत्या दारात आडवी उभी राहिली.

"हिला आज सोडायचं नाही, डॉक्टर. दोन दिवस हिने गाईची चौकशी केलेली नाही."

डॉक्टर वैतागले, पण तपासायला बसले. काखेतली जखम आतून चिघळली होती आणि घरच्या ओढीने बाईने ती पदराखाली लपवली होती. तशीच गेली असती तर बाई वाचली नसती, हे डॉक्टरांनीच सगळ्यांसमोर कबूल केलं. महिन्याभराने ती आपल्या पायांनी घरी गेली. पुढे राऊंडला आले की डॉक्टर आधी विचारायचे, "सिस्टर, वही काय म्हणते?" हे सांगताना माझी मान आजही ताठ होते.

खूप वर्षांनी आत्या स्वतः दवाखान्यात खाटेवर होती. नर्सने ताप पाहिला, नाडी पाहिली, कसं वाटतंय विचारलं.

"बरं आहे," आत्या म्हणाली.

नर्स गेली की आत्या रोज मला विचारायची, "हिने नीट लिहिलं का रे?" त्या दिवशी विचारलं नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग उशालगतची लाल वही उघडून तिच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं, 'आज वहीची चौकशी नाही,' आणि डॉक्टरांना बोलवायला उठलो.