टोकाच्या शेताला आधी पाणी

आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात एकदाही पाणी नुसतं प्यायलं नाही. घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि कुठेतरी निघून जायचं. आपण समोर चिवड्याची बशी धरून ताटकळत बसलेलो. बऱ्याच वेळाने परत येत आणि म्हणत, "हे पारोळ्याच्या किल्ल्यापाशी होतं. खंदकात. एका पहारेकऱ्याने त्यात तोंड धुतलंय." जळगावात आमच्या नळाला पारोळ्याच्या खंदकातलं पाणी कशाला येईल, असं मी एकदा विचारायला गेलो. तर शांतपणे म्हणाले, "जावईबापू, पाणी सरळ रस्त्याने येतं असं कोणी सांगितलं तुम्हाला?" मी चिवड्याची बशी पुढे केली.

मामा धुळ्याचे, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आणि कित्येक वर्षांपासून एक ऐतिहासिक कादंबरी लिहिणारे. तिच्यात राजा नाही, लढाई नाही, घोडा तर औषधालाही नाही. आहे ते पाणी, आणि निरनिराळ्या काळांत ते ज्यांच्या ओंजळीतून गेलं ती माणसं. लेण्यात पावसाळ्यापुरता राहिलेला एक भिक्खू पाय धुतो, ते पाणी फिरत फिरत पहारेकऱ्याकडे येतं, मग साहेबाच्या काळात तापीवर पूल बांधणाऱ्यांच्या स्वयंपाक्याकडे, आणि शेवटी नरडाण्याच्या कारखान्यांना पाणी पुरवणाऱ्या टँकरवाल्याकडे. कोणाची कोणाशी ओळख नाही, पण मामांच्या लेखी ते सगळे एका घरचे. आमच्या मुलीला न्हाऊ घालताना मामा दारात उभे राहून हळूच म्हणाले, "भिक्खूच्या पायांवरून आलंय हं." हिने बादली मोरीत ओतली आणि नवं पाणी घेतलं. मामा दिवसभर भाचीशी बोलले नाहीत. लग्नात तर त्यांना नेणं म्हणजे शिक्षाच. लोकांनी अर्ध्या टाकलेल्या बाटल्या गोळा करून एकेक लिंबाच्या मुळाशी ओतत बसायचे, आणि मुलीकडचे मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, "घरी सगळं ठीक आहे ना?"

पण खरी गंमत वेगळीच होती. मामांचं मूळ गाव पांझरेच्या काठी. तिथे बंधाऱ्यातून पाट निघतो आणि शेतांना पाळीने पाणी मिळतं. त्यांच्या गावचा रिवाज असा, की पाटाच्या टोकाला जे शेत असेल त्याला आधी पाणी. मग मागे मागे सरकत बंधाऱ्याजवळच्या शेताला सगळ्यात शेवटी. नाहीतर वरचेच सगळं पिऊन बसतील आणि खालचा कोरडा राहील. मामांनी कादंबरीसुद्धा तशीच लिहायला घेतली, शेवटच्या प्रकरणापासून. टँकरवाला आधी, मग स्वयंपाकी, मग पहारेकरी. जगात कोणी असं लिहीत नाही, मी म्हटलं. "जगात आमच्या गावासारखा न्याय तरी कुठे आहे?" असं म्हणून मामा पुन्हा डोळे मिटून निघून गेले.

ही कादंबरी ऐकणारं माणूस एकच, अक्का. म्हणजे मामांची थोरली बहीण आणि माझ्या सासूबाई. सावद्याला केळीच्या बागायतदाराच्या घरात आयुष्य गेलं, पण बोली माहेरचीच राहिली. नजर गेली होती, अंथरूण धरलं होतं. मामा एसटीने आमच्याकडे यायचे, मी त्यांना गाडीने सावद्याला न्यायचो. ते वाचायचे आणि मी, खोटं कशाला बोलू, केळीच्या बागेत सटकायचो. दर खेपेला अक्का शेवटी एकच विचारत, "हाई बठ्ठं पानी कथाईन उनं, ते सांग ना भाऊ."

हे सगळं पाणी आलं कुठून, ते पहिल्या प्रकरणात यायचं होतं. आणि भिक्खू लिहून झाला तरी तो आणि पहिलं प्रकरण यांच्या मध्ये, भिक्खूच्याही आधीच्या काळातली, अजून दोन माणसं लिहायची बाकी होती. या उन्हाळ्यात डॉक्टरांनी मान हलवली. ही मामांना म्हणाली, "मामा, पहिलं आधी लिहा ना. आईला ऐकायचंय." मामा कासावीस झाले. "पाळी मोडू? त्या दोघांनी काय पाप केलंय?" मला राग आला. कागदावर नसलेल्या दोन माणसांपायी सख्ख्या बहिणीला ताटकळत ठेवायचं, हा कसला न्याय?

पुढच्या खेपेला अक्कांनी तोच प्रश्न विचारला, पण आवाज पार खोल गेला होता.  मामा कागद बाजूला ठेवून, पुस्तकी मराठी सोडून गावच्या बोलीत सांगायला लागले. "एक बाई व्हती, अक्का. पानी एक जागे थांबेल व्हतं. तिनी टाच घासी मातीमा. पानीले बोलनी, जाय."

"मंग ते उनं?"

"उनं, अक्का. आपला गावले उनं."

त्या दिवशी मी बागेत गेलो नाही. अक्का हसल्या, आणि तसंच हसू ठेवून झोपल्या. त्यानंतर आठवडाभरातच गेल्या.

परवा मामा आले होते. कादंबरी कुठवर आली, असं विचारलं. "तिथेच आहे," म्हणाले. "ती दोघं कोरडी राहिलीत, जावईबापू. मला दिसतात. पण पुढे काय म्हणून विचारणारं कोणी उरलं नाही हो."

 मी म्हणालो, "कोण होती ती दोघं, मामा?" मन राखायला नव्हे, मला खरंच ऐकायचं होतं. मामांनी जरा निरखून पाहिलं माझ्याकडे, आणि खुर्ची जवळ ओढली.