शुक्रवारची पूर्ण प्रत

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या एका चाचांच्या कॉम्प्युटरच्या बॅकअपची व्यवस्था मी लावून दिली होती. त्यात त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची रेकॉर्डिंग्ज होती. जवारी घासताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून स्वर खुलवताना, भाई बोलत असत. इथे थांब, आता ऐक, अजून जरा. तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

मी सांगलीतल्या एका छोट्या ऑफिसात सर्व्हर सांभाळते. पाचगणीच्या इंग्रजी बोर्डिंगमध्ये शिकले. मराठीत फोन करायचा म्हटलं की अजूनही उद्यावर ढकलते. कमांड लाइनवर तो प्रश्न येत नाही.

आठवड्यातून एकदा सगळ्या फायलींची पूर्ण प्रत, इतर दिवशी फक्त नव्या किंवा बदललेल्या फायलींची, आणि जागा भरू नये म्हणून महिन्याहून जुनी पूर्ण प्रत आपोआप पुसायची, असं मी ठरवलं. पूर्ण प्रतीला वेळ लागतो, म्हणून निवांत दिवस हवा होता. मी गेले तो शुक्रवार होता. बाराच्या आतच कामगार हत्यारं आवरत होते. ते मी टिपलं, विचारलं काहीच नाही. शुक्रवार, दुपारी तीन, असं टाइप केलं. पहिली पूर्ण प्रत सकाळीच तिथे बसून घेतली होती.

"मशीन सुट्टी घेत न्हाई ना?" चाचांनी विचारलं.

"नाही, रोज चालेल."

"मग आमच्यापरास बरी हाय."

प्रत झाली की मला मेल यायची. पुढच्या शुक्रवारी आली नाही. दुसऱ्या शुक्रवारीही नाही. मी चाचांना मेसेज लिहिला आणि पुसून टाकला. लाइट गेली असेल, अशी स्वतःची समजूत घातली. बाकीच्या सहा दिवसांच्या मेल येतच होत्या.

दोनेक महिन्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. बॅकअपमधली ती एकुलती पूर्ण प्रत माझ्याच नियमाने केव्हाच पुसली गेली होती. उरल्या होत्या नंतरच्या रोजच्या छोट्या प्रती, त्यात फक्त नवी रेकॉर्डिंग्ज.

चाचा शेजारी स्टूल ओढून बसले. जे होतं ते मी लावलं. दोन तारा वाजल्या आणि त्यांनी मला थांबवलं.

"हा माझा हात हाय. भाईचं लाव."

भाईंचं राहिलं नाही, शुक्रवारची प्रत कधी झालीच नाही, एवढंच मला सांगता आलं.

"शुक्रवारी कशी हुईल? जुम्म्याला आमी मेन स्विच पाडूनच जातो. सगळा भुसा, पॉलिश, आग लागंल." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "एवढी इंग्लिश शाळंत शिकलीस, आमचा शुक्रवार ठावं न्हाई व्हय गं?"

मी चालू असलेलं रेकॉर्डिंग बंद केलं.

"तुला कवा कळलं?"

"दुसऱ्याच शुक्रवारी." तेव्हा भाईंचं सगळं अजून शाबूत होतं, हेही सांगितलं.

चाचांचा आवाज चढला नाही.

"मग फोन करायचा व्हतास की, बेटी."