खुरचाफ्याखालची कबर

सामादची कबर माक रुबियाला कधी शोधावी लागली नव्हती. खुरचाफ्याच्या झाडाखाली सामाद, विषय संपला. गावच्या कबरींवर नावं लिहायची पद्धतच नव्हती. पुरुषाला गोल दगड, बाईला चपटा. ज्याचं माणूस त्याला ठाऊक. चोवीस वर्षं रमजानच्या आधी ती तिथे जाऊन बसायची आणि नवऱ्याला घरची खबर द्यायची. खाडी बुजवली रे, आता तिथे जहाजं बांधतात. तुझी लायला कारखान्यात भिंगाखाली बारीक तारा जोडते. मी गोदीच्या फाटकावर केळ्याची भजी विकते. फाटकातले कामगार कुठल्या कुठल्या बेटांवरचे, पण चटणी सगळ्यांना जास्तच लागते.

अठराव्या वर्षी ती होडीतून बाताम बेटावर नवरी म्हणून उतरली, तेव्हा तिथे रान होतं आणि डुकरं होती. आता रानाच्या जागी धुराडी उभी होती, समुद्रापलीकडे सिंगापूर चमकत होतं, आणि कबरस्तानाच्या जागेवर नवी गोदी होणार होती. मेलेल्यांना टेकडीवर न्यायचं ठरलं. वारसाने आपल्या माणसाची कबर दाखवायची, नाव सांगायचं, टेकडीवर नावाची पाटी मिळेल. बेवारस सगळे एका खड्ड्यात.

माक रुबिया, सगळ्यांचीच माक म्हणजे आई, लायलाला घेऊन सकाळीच पोचली आणि फाटकातच थबकली. एकही झाड नव्हतं. माती सपाट. गोल दगड एका ओळीत, शाळेतल्या पोरांसारखे सरळ उभे.

"पाक, इथला चाफा?" तिने नावं लिहून घ्यायला बसलेल्या वहीवाल्या सुरोतोला अदबीने विचारलं.

"यंत्र आत यायला वाट नको का, माक? काल झाडं काढली. दगड पडले होते, ते आमच्या माणसांनी नीट लावून ठेवले." बिचाऱ्याला कौतुकाची अपेक्षा होती. "तुमचा कुठला?"

"तेच तर मी तुम्हाला विचारतेय!"

एवढ्यात शेजारची एन्दुन तिसऱ्या दगडाला हात लावून उभी राहिली. "हे माझे बाबा."

"कशावरून गं?"

"चाफ्यापासून दुसरे."

"चाफा कुठाय?"

एन्दुनने आजूबाजूला पाहिलं. मग चिडून म्हणाली, "मग हाच तुझा सामाद म्हण! एवढीशी तर जागा आहे. तो तरी कुठे उंच होता? लग्नात तुझ्या खांद्याला लागत होता."

"कानाला! कानाला लागत होता!"

दोघी हसल्या. हसता हसता रुबियाचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती खालीच बसली.

"माक, कुठलाही दाखव ना," लायला तिच्या कानाशी वाकली. बाप गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. "पाटीवर बाबांचं नाव तर येईल. कुणाला कळणार आहे?"

"मला. दुसऱ्याच्या बापाला मी नवरा म्हणू? आणि त्याची बायको शोधत आली तर?"

सुरोतोने दुपारपर्यंत थांबायची तयारी दाखवली. रुबिया प्रत्येक दगडापाशी गेली. ओणवी झाली, माती हातात घेतली, एका ठिकाणी तर कान लावला. ऊन चढलं. एन्दुनने तोच तिसरा दगड बाबांच्या नावाने लिहवला आणि मान खाली घालून निघून गेली. शेवटी रुबिया उठली, गुडघे झटकले.

"पाक, सामाद इथेच आहे, एवढं नक्की. पण कुठला ते मला सांगता येत नाही. बेवारसांत लिहा."

"माक!" लायला ओरडली.

"बेवारस म्हणजे वारस नाहीत असं थोडंच? मी आहे ना."

आठवड्याने दोघी टेकडी चढल्या. पाट्यांच्या ओळींच्या पलीकडे एक लांबलचक वरंबा होता. त्याखाली एकवीस जण. रुबिया एका टोकाला बसली, उठली, मध्यावर जाऊन बसली. तिथेही तिचं मन लागेना. तिने डोक्यावरच्या ओढणीने तोंड पुसलं. मग मातीवरून हात फिरवत राहिली.

"बोल ना, माक," लायला म्हणाली. "दरवर्षी बोलतेस तसं."

"इतक्या लोकांसमोर?" माक रुबिया म्हणाली.