क्रेन जिन्यात अडकते

घरसामान हलवणाऱ्या त्या टोळीत त्याला सगळे क्रेन म्हणत. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला ठेवलं होतं, आणि कुणी विसरलं तर तोच आठवण करून द्यायचा. नुकतं मिसरूड फुटलेलं, शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी. कपाटाला दुसऱ्याने हात लावला की म्हणायचा, "तू फक्त दार उघड, बाळा."

एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्रिज चढवायचा होता. लिफ्ट नव्हती. मुकादम म्हणाला, "दोघं लागा."

"दोघं? तुम्ही चहा पिऊन या, तोवर आत बर्फ झालेला असेल!" फ्रिज पट्ट्याने पाठीला बांधून क्रेन निघाला.

तिसऱ्या मजल्यापर्यंत शीळ ऐकू येत होती. मग थांबली. वळणावर फ्रिज भिंत आणि कठड्याच्या मध्ये असा रुतला, की पुढे जाईना, मागे येईना. पट्ट्याची गाठ मागच्या बाजूला. तिथवर हात पोचेना.

"काय झालं रे?" खालून मुकादमाने विचारलं.

"काही नाही! दम खातोय!"

दम खाऊन संपेना. खाली माणसं खोळंबली, वरही खोळंबली. वरच्यांत सगळ्यात पुढे दातांच्या दवाखान्यातली एक नर्स होती. तिला कामावर जायला उशीर होत होता.

"अहो, छाती कशाला फुगवलीत? श्वास सोडा, थोडी जागा होईल."

"माझी छाती अशीच आहे."

"मग थाटा इथेच संसार!"

जिन्यात हशा पिकला. कानापर्यंत लाल झालेला क्रेन पुटपुटला, "मुकादम, या हो जरा."

"काय? ऐकू नाही आलं!" मुकादमाचे कान चांगले शाबूत होते.

"वाचवा!"

हे मात्र गच्चीपर्यंत ऐकू गेलं.

पुढच्या महिन्यात क्रेनच्या दाढा एकेक करून दुखायला लागल्या. डॉक्टर बुचकळ्यात पडले. "दात तर लोखंडासारखे आहेत. दुखतंय नक्की कुठे?" मागे उभ्या नर्सने तोंडावर हात धरला. यथावकाश दोघांचं लग्न झालं.

रग काही एका दिवसात जिरली नाही. मुलगी झाली तेव्हा म्हणाला, "एका हातात उचलतो!" आणि दोन्ही हातांत घेऊन असा ताठ बसला, की शेवटी बायकोला म्हणाला, "माझं नाक खाजव ना जरा."

मग वडिलांचं मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातून आणल्यावर त्यांना खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर न्यायचं होतं. म्हातारा वाळून काटकी झालेला. एका खांद्यावर सहज गेला असता. पण मुलाने शेजारच्यांचं दार वाजवलं. "काका, एक बाजू धराल?"

वडील चिडले. "मी काय एवढा जड झालोय?"

"नाही बाबा. तुम्हाला धक्का बसायला नको."

दोघांनी खुर्ची अलगद उचलली. पहिल्या मजल्यावर ओळखीच्या काकू दारात दिसताच वडिलांनी हात वर केला. "थांबा! हिला ऑपरेशनचं सांगायचंय."

खुर्ची खाली ठेवली गेली. म्हाताऱ्याने पार घसरून पडल्यापासून सुरुवात केली. मुलगा खुर्चीची पाठ धरून उभा राहिला, आणि वडील कुठे अडखळले की पुढचं हळूच सांगत गेला.