रूपालीची वही

या गोष्टीबद्दल मी आजवर तोंड उघडलेलं नाही. बायको गेली, तिला माहीत नव्हतं. धाकटा भाऊ शिवा गेला, त्याला तर — पण ते नंतर. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसापुढं माझी मान वाकत नाही. सवयच नाही तिला.

चौथी शिकलोय मी. पण गिरणाऱ्याच्या रस्त्याला माझ्यासारखा झेंडू कुणी पिकवून दाखवावा. गावच्या पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष होतो, बिनविरोध, बारा वर्षं. आप्पा म्हटलं की पाटाच्या पाण्यावरचा माणूस उठून उभा राहायचा.

आता राग कशाचा आला ते सांगतो. मागच्या महिन्यात शाळेत कुणी साहेब आला, सायबर सुरक्षेवर बोलायला. मला पुढची खुर्ची दिली. साहेब पोरांना म्हणाला, कंप्युटरच्या कामात कुठं फट दिसली तर गप्प बसू नका, मोठ्या माणसाला विश्वासात घेऊन सांगा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बाहेर आलो. हसली असतील, म्हाताऱ्याला घाईची लागली म्हणून. हसू देत! मोठ्या माणसाला सांगा म्हणे. कोण मोठा माणूस? कुणाला विचारून सांगतो हा पोरांना असलं काही?

रूपालीनं सांगितलं होतं. मोठ्या माणसालाच सांगितलं होतं.

रूपाली म्हणजे शिवाची पोरगी, माझी पुतणी. दोन हजार तीन-चारचं साल असेल. बारावीला होती, सायन्सला. एसटीनं नाशिकला जायची, कॉलेज सुटलं की कंप्युटरच्या क्लासला बसायची. तिथल्या सरांनी तिला नाद लावला — कंप्युटरचं कुलूप कसं उघडतं ते शिकायचं, म्हणजे ते नीट लावता येतं. मला म्हणाली, "आप्पा, मला पुढं हेच करायचंय. कंप्युटरची राखण." मी म्हटलं, राखण कुत्रं करतं, तू डॉक्टर हो. ती हसली. मनाला लावून घ्यायची नाही, तशी पोरगी होती.

संस्थेत तेव्हा नवा कंप्युटर आला होता. कारकुनाला टाईप करायला दिवस लागायचा, म्हणून पाळीपत्रक रूपाली करून द्यायची. फुकट. पाळीपत्रक म्हणजे पाटाचं पाणी कुणाच्या शेताला कधी, त्याची यादी. आमच्यात एकच रीत — पाणी आधी टेलला. टेल म्हणजे पाट संपतो ते टोक. तिथून पाळी वर वर सरकते, धरणाकडच्या शेतांपर्यंत. वरच्यानं आधी घेतलं तर खालच्याला थेंब पोचत नाही, म्हणून ही रीत. टेलला पहिलं शेत भिकाजीचं. पाटावर सगळ्यात वर, यादीत सगळ्यात शेवटी, माझं.

एक दिवस रूपालीनं मला कंप्युटरपुढं बसवलं. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला — गावाचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. पोराटोरालाही जमेल असं काम! तिनं माझं नाव तळातून उचललं, वर भिकाजीच्या जागी ठेवलं, परत खाली आणलं. "बघा आप्पा, कुणाला कळलं का? हे कुणीही करू शकतं." मग एक वही दिली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, कुठं कुठं फट आहे आणि ती बुजवायची कशी. मला मराठीत वाचून दाखवलं. म्हणाली, "मिटिंगमध्ये मांडा. पोरीचं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील."

मी वही कपाटात ठेवली. मांडली नाही. माझ्या संस्थेत फट? आणि ती मला बारावीची पोरगी दाखवणार? तेव्हाही मला रागच आला होता, बघा. चुकीच्या माणसावर.

त्याच उन्हाळ्यात — सांगतोच आता. एप्रिलचं आवर्तन, म्हणजे धरणातून पाटाला सोडतात ते पाणी, सुरू व्हायचं होतं. माझा झेंडू लग्नसराईत तोडायला येणार होता. अध्यक्ष म्हणून मला आधीच कळलं, यंदा धरणातून पाणी लवकर तोडणार, वरच्या एक-दोन शेतांना मिळणार नाही. म्हणजे मला. भरदुपारी कारकून जेवायला घरी गेला. मी कंप्युटरपुढं बसलो. काचेखालची चिठ्ठी बघत एकेक अक्षर शोधलं. घाम फुटला होता, पण जमलं. माझं नाव वर, भिकाजीचं तळाला. खरं सांगू? जमलं तेव्हा मला अभिमान वाटला. चौथी शिकलेल्यानं कंप्युटर चालवला!

कारकुनानं न बघता यादी छापली, पाटकऱ्यानं न बघता दारं उघडली. भिकाजीनं विचारलं तर पाटकऱ्यानं छापील यादी पुढं केली. माझं रान भिजलं. भिकाजीची पाळी यायच्या आधी पाणी तुटलं. त्याचे टोमॅटो तारेवर उभ्या उभ्या जळाले.

पण रूपालीनं यादी केली त्याच दिवशी तिचा एक कागद भिकाजीला दिला होता. तो घेऊन तो मिटिंगला आला. दोन कागद, दोन याद्या. "कंप्युटर काय आपल्या मनानं पाळी बदलतो व्हय?" भिकाजी ओरडला. मागून कुणीतरी म्हणालं, "त्या कंप्युटरला बी झेंडू लावायचा असंल!"

सगळे हसले.

मी उठलो, कपाट उघडलं, वही काढली आणि सगळ्यांसमोर धरली. म्हटलं, हे बघा, कंप्युटर कसा फोडायचा ते यात लिहिलंय. आमच्याच घरातल्या पोरीनं लिहिलंय. माझ्या नावाशी खेळली ती. घरचं म्हणून मी लपवणार नाही. — असं म्हणालो मी! वरून न्यायाचा आव! वही उलटी धरली होती की सुलटी, तेही मला ठाऊक नाही.

रूपाली दारात उभी होती. म्हणाली, "आप्पा, ही वही मी तुम्हाला दिली होती. मिटिंगमध्ये मांडा म्हणून."

आणि मी काय म्हणालो? "मला? अगं, मला इंग्रजीतला ए येतो का? मला कशाला देशील तू वही?"

पुन्हा हशा झाला. जन्मभर मी कुणाला माझी चौथी काढू दिली नव्हती. कुणी अडाणी म्हटलं असतं तर कानाखाली वाजवली असती. त्या दिवशी मी स्वतःच माझं अडाणीपण भर सभेत पुढं केलं, आणि त्याच्या आड लपलो. ते सगळ्यांना पटलं. आप्पाला कंप्युटर कुठला येतोय? भिकाजीलाही पटलं. एवढ्या माणसांत एकानं विचारू नये, की चोरी करणारी पोरगी खरी यादी भिकाजीच्या हातात कशाला देईल? एकानं! त्यांचाही राग येतो मला. पण त्यांना वही दाखवणारा मी होतो.

शिवानं दुसऱ्या दिवशी तिचा क्लास बंद केला. सर घरी आले, म्हणाले, हुशार आहे हो, हिला थांबवू नका. शिवानं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. मी ओट्यावर बसून होतो. बारावीनंतर कंप्युटर इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायचा राहिला. गावात तिचं नाव पडलं — पाणीचोर. दोन वर्षांनी लग्न झालं. आता अंबडला एका कारखान्याच्या गेटवर आत-बाहेर जाणाऱ्यांचे पास बनवते. दिवाळीला येते, माझ्या पाया पडते. माझं सगळं माहीत असलेली ती एकटी. आजवर एका शब्दानं बोललेली नाही. एकदा तरी बोलायचं होतं तिनं!

तीन वर्षांपूर्वी शिवा दवाखान्यात होता, शेवटचे दिवस. रूपाली त्याला चमच्यानं पेज भरवत होती. मला म्हणाला, "दादा, एक विचारू? पोरीनं खरंच केलं व्हतं का रे ते?"

तिचा चमचा थांबला. माझ्याकडं बघितलं नाही तिनं, पेजेकडंच बघत राहिली. खोलीत आम्ही तिघंच. मला एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, "जाऊ दे शिवा. लहान होती. माफ कर तिला."

शिवानं सुई टोचलेला हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "केलं बाई माफ," म्हणाला. तिनं डोकं तसंच खाली धरलं, त्याचा हात थकेपर्यंत.