झोप लागली म्हणून पाच तारे

तो भुताचा पिच्चर बघून लोकांनी त्याच्याखाली जे जे लिहिलंय ते सगळं मी वाचून काढलंय. 'तासभर काहीच घडत नाही.' 'भूत येतंय का आम्ही जेवून येऊ?' 'त्या खटखटीनं डोकं उठलं.' आणि एका शहाण्यानं रागारागात एवढंच लिहिलंय, 'मला तर झोप लागली.' एक तारा दिलाय. त्याचा पत्ता मिळाला असता तर मी शेंगाचटणीचा डबा घेऊन गेले असते आणि म्हणाले असते, बाबा रे, तुला फुकट मिळालेली ती झोप आमच्या घरात एक माणूस किती महिने शोधत होता.

तो माणूस म्हणजे माझे सासरे, नरसय्या. मी त्यांना मामा म्हणते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी यंत्रमागावर उभा जन्म काढला, तोही बहुतेक रातपाळीत. झोपायचे दिवसा. खोलीची एक भिंत कारखान्याचीच होती, त्यामुळे मामा झोपले तरी पलीकडे माग धडधडतच असायचे. उशाशी सासूबाई, राजम्मा, रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसायच्या. मागांपुढं उभं राहून मामांचे कान निम्मे गेले. म्हणून आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. नव्या माणसाला वाटतं, यांचं भांडण चाललंय. कधी कधी चाललेलंही असतं, कारण मी मुळातच तोंडाळ आहे.

सासूबाई गेल्या. पुढं मालकानं माग भंगारात घातले आणि खोलीही सोडावी लागली. मग माझ्या नवऱ्यानं, अमृतनं, जुळे सोलापुरात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पसंत मी केला होता, आणि तिथली शांतता बघूनच केला होता. दारं-खिडक्या लावल्या की रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा आत येत नाही.

त्या घरात मामांची झोप उडाली ती उडालीच. रात्री नाही, दुपारी नाही. कॉटवर बसून भिंतीकडं बघत राहायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी गुंगी यायची, झोप यायची नाही. अंगातला सदरा महिन्यागणिक ढिला होत गेला. एकदा बाथरूमपाशी तोल गेला, थोडक्यात वाचले.

मग एके दिवशी जेवताना म्हणाले, "मी जातो. ओळखीच्या कारखान्यात राखणदार पायजे. तितंच राहीन."

अमृतचा घास हातातच राहिला. "या वयात राखणदारी? हितं काय कमी हाय तुमाला?"

"कमी काय न्हाय रे. पर हितं कसं तरीच वाटतं. नारळी पुनवेचा रथ झाला की जातो."

आमच्या तेलुगू विणकर समाजाचा मार्कंडेय महामुनींचा रथ त्या दिवशी निघतो. त्याआधी घर सोडायचं नाही, एवढी सवलत त्यांनी आम्हाला दिली. पुढं आम्ही दोघांनी किती विनवण्या केल्या, काही उपयोग झाला नाही. त्यांनी आपलं गाठोडं बांधून कॉटखाली सारून ठेवलं. झाडू मारताना मी त्याला वळसा घालून झाडायचे.

अशातच एका रविवारी दुपारी मी तो पिच्चर लावला. भुताचे पिच्चर हे माझं एकमेव व्यसन. अमृत नाव ऐकूनच आत जाऊन पडला. मामा सोफ्यावर माझ्याशेजारी बसले होते, नेहमीसारखे जागे आणि कंटाळलेले. त्यांना ऐकू यावं म्हणून मी आवाज चांगला मोठा ठेवला होता.

गोष्ट साधी आहे. एक बाई नव्या फ्लॅटमध्ये राहायला येते. शेजारचा फ्लॅट कित्येक वर्षं बंद आहे, पण भिंतीपलीकडून खटखट येत राहते. खटॅक-खट, खटॅक-खट. बाई भिंतीला कान लावते, घाबरते, पुन्हा कान लावते. तासभर एवढंच. मला तर घाम फुटला. उशी पोटाशी धरून मी सहज बाजूला बघितलं.

मामा झोपले होते. मान मागं, तोंड उघडं, आणि चक्क घोरत होते. मी टीव्ही सोडून त्यांच्याकडंच बघत बसले. डोळे भरून आले ते पुसायचंही सुचलं नाही.

शेवटी पिच्चरमधली खटखट एकदम थांबते. सगळ्यात भीतीदायक जागा म्हणे तीच. ती थांबली आणि मामा ताडकन उठून बसले.

"कुणाचा माग थांबला?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझं माहेर होटगीचं, रुळांच्या कडेचं. रोजची मालगाडी गेली नाही की माझे वडील झोपेतून जागे व्हायचे. मला हे आधीच सुचायला हवं होतं, पण फ्लॅटच्या कौतुकात कुठलं सुचतंय.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा नेम सुरू झाला. मी सकाळच्या शाळेत शिकवून आले की मामांचं ताट, आणि ताट उचललं की पिच्चर. अमृतनं काहीतरी खटपट करून खटखटीचा भागच परत परत लागेल अशी सोय केली. ती शांतता येऊच द्यायची नाही. मामा तिन्हीसांजेपर्यंत गाढ झोपू लागले. गालांवर मांस दिसू लागलं. गाठोडं मात्र होतं तिथंच होतं, आणि मी विचारायला धजत नव्हते.

इकडं बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली. चौथ्या मजल्यावर काहीतरी आहे म्हणे. लिफ्टमध्ये एकीनं मला हळूच विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "आहे ना. दोन वेळा चहा घेतं." त्यानंतर ती आमच्या मजल्यावर फिरकली नाही.

मध्ये इंटरनेट बंद पडलं आणि पिच्चरही बंद पडला. दुसऱ्या दुपारी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या गुरम्मा. वयानं मामांच्या बरोबरीच्या, लेकाकडं राहतात, एरवी बोलतही नाहीत. आली तक्रार, म्हणून मी पदर खोचला.

"तुमचं ते वरचं खटखट बंद का केलं?" त्या म्हणाल्या.

"नेट बंद आहे. आलं की आवाज कमीच ठेवते, आजी."

"कमी नको की गं. दोन दिस झालं, डोळ्याला डोळा न्हाय. आमचे हे मागावरच होते. वरनं ते आवाज आलं की वाटायचं, हायत कामावर. येतील."

मी खोचलेला पदर सोडला आणि त्यांना हाताला धरून आत आणलं. मामा नि त्या तेलुगूत बोलत बसले, अर्थातच ओरडून. नेट आल्यावर गुरम्मा रोज दुपारी येऊ लागल्या. टीव्हीवर ती बाई भीतीनं थरथरतेय आणि समोर दोन म्हातारी माणसं निवांत घोरतायत, असं दृश्य तो पिच्चर करणाऱ्यांनी स्वप्नातसुद्धा बघितलं नसेल.

नारळी पौर्णिमा आली. अमृतच्या खांद्यावर हात ठेवून मामा रथाला गेले, गर्दीत उभे राहिले, फुलं उधळली. घरी आले आणि कॉटखालून गाठोडं ओढलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. रडू येण्याऐवजी मला रागच आला.

"जायचंच असेल तर जेवून जा," मी म्हणाले. "आणि एवढे दिवस बघितलात तो पिच्चर कसा वाटला, तेवढं तरी सांगून जा."

मामा गाठोड्यावर हात ठेवून थांबले.

"पिच्चर चांगला हाय. पर त्या बाईला कळंना बग. शेजारी खटखट चालू हाय म्हंजे कुणीतरी कामावर हाय, जित्तं हाय. त्याला काय भ्यायचं? थांबलं की भ्यायचं." मग म्हणाले, "राजम्माचा रहाट थांबला, तवा मी झोपेतनं उठलो. बगतो तर ती खाली पडलेली. सगळे माग चालूच होते, पर मला तेवढंच ऐकू आलं."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, अमृतलाही नाही.

त्यांनी गाठोडं सोडलं. आतून स्वतः विणलेला एक जुना टॉवेल काढला, झटकला आणि उशीवर पसरला.

"जरा पडतो. लाव की ते."

मी पिच्चर लावला. मग फोन घेऊन त्याच्याखाली माझंही मत लिहिलं. 'पिच्चर संथ आहे. तासभर काहीच घडत नाही. आमच्या मामांना झोप लागली. ज्यांनी कुणी हा केला त्यांचे आमच्या घरावर फार उपकार आहेत.' आणि पाच तारे दिले.

लोकांनी खाली हसण्याची चित्रं टाकलीत. टाकू देत. मामा झोपलेत.